कशापुरतं तात्पुरतं?

फाटा सोडून आमच्या गावाकडे वळलं की दीड किलोमीटरवर नाला लागतो. नाल्यावर रपटा आहे. आहे म्हणजे आज, हे लिहितोय तेव्हा, आहे. जून ते सप्टेंबर त्याची हमी कोणी देत नाही. सिमेंटच्या पायल्या, म्हणजे मोठे पाइप, आडव्या टाकायच्या, वरून मुरूम दाबायचा, दोन्ही अंगांना दगड लावायचे, झाला रपटा. पहिल्या मोठ्या पुरात मुरूम जातो, दुसऱ्यात दगड जातात आणि पोळ्याच्या आत एखादी पायली खालच्या वावरात जाऊन पडते. त्या वावराच्या मालकाकडे अशा चार पायल्या जमल्या आहेत. एकीत त्याच्या कोंबड्या अंडी घालतात.

रपट्याच्या अलीकडे पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत लिहिलंय : ‘तात्पुरता वळणरस्ता’. जुना पूल वाहून गेला त्या साली हा फलक लागला. तेव्हा मी सातवीत होतो. आता माझी मुलगी बारावीत आहे.

परवा तिच्या इंग्रजीच्या धड्यात ‘इफेमेरल’ हा शब्द आला. “बाबा, याच्यासमोर तात्पुरता लिहू का?” असं तिनं विचारलं. “लिही,” म्हणालो आणि गाईसाठी ढेप भिजवायला गोठ्यात गेलो. ढेप भिजवता भिजवता लक्षात आलं की आपण पोरीला चुकीचं सांगितलं. हा लेख त्या चुकीतून निघाला आहे.

‘इफेमेरल’च्या मुळाशी ग्रीक ‘एफेमेरॉस’ आहे. ‘एपि’ म्हणजे वर, ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. जे एका दिवसावर उभं आहे, दिवसभराचं आहे, ते एफेमेरॉस. एका दिवसात उतरणाऱ्या तापालाही ग्रीक वैद्य हाच शब्द लावत. काळ्या समुद्राकडे वाहणाऱ्या हिपॅनिस नदीवरच्या एका पंखवाल्या किड्याबद्दल ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय. ऐन उन्हाळ्यात तो कोशातून निघतो, संध्याकाळपर्यंत उडतो आणि सूर्य बुडताना मरतो. त्याचं नावच एफेमेरॉन. अशा किड्यांच्या गणाला कीटकशास्त्रात आजही इफेमेरॉप्टेरा म्हणतात. पंख फुटलेल्या अवस्थेत यांचं तोंड कामाचं नसतं. खायला सवडच नाही, तर तोंड कशाला? पण त्याआधी पाण्याखाली पिल्लू म्हणून यांनी कित्येक महिने, काही जातींनी तर वर्ष-दोन वर्षं काढलेली असतात. आपल्याला दिसतो तो शेवटचा दिवस.

आपल्याकडेही पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती उधईची, म्हणजे वाळवीची, पाखरं येतात. दिव्याखाली परातीत पाणी ठेवावं लागतं. सकाळी आई अंगणातून सूपभर पंख झाडून काढायची. पंख इतके हलके की झाडू लावला की पुढे पळतात. “याईचं आयुष्य एका रातीचं,” ती म्हणायची. ग्रीक तिला येत नव्हतं, पण माप तिनंही सांगितलं होतं. एक रात्र.

मुद्दा मापाचा आहे. एफेमेरॉसमध्ये माप आहे : एक दिवस. मुलीच्या मोबाइलवरचं स्टेटस बरोबर २४ तासांनी पुसलं जातं. आपल्या मराठीतही थोडा वेळ टिकणाऱ्या गोष्टींसाठी जे जुने शब्द आहेत, त्या बहुतेकांच्या पोटात माप आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस. नव्याचे नऊ दिवस. चार दिवस सासूचे, चार सुनेचे. सगळ्यांत नेमका शब्द ‘औटघटकेचा’. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे चौथा ज्यात अर्धा आहे तो, घासत घासत ‘औट’ झाला. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीबरोबर औटकीही पाठ असायची, म्हणजे साडेतीनचा पाढा. आणि घटका म्हणजे २४ मिनिटं. दिवस-रात्र मिळून ६० घटका. घंगाळातल्या पाण्यावर तांब्याचं घटिकापात्र सोडायचं, बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी चढत चढत ते भरून बुडालं की घटका भरली. औट घटका म्हणजे असं पात्र तीनदा पूर्ण आणि एकदा अर्धं बुडेपर्यंतचा वेळ. हिशेबानं ८४ मिनिटं. औटघटकेचा राजा म्हणजे ८४ मिनिटांचा राजा. तो कधी उतरणार हे त्यालाही ठाऊक आणि दरबारालाही.

‘क्षणभंगुर’ जरा वेगळा आहे. त्यात क्षण हे माप तर आहेच, शिवाय ‘भंगुर’ म्हणजे मोडणारं. ज्या ‘भंज्’ धातूपासून भंग आला, अभंग आला, त्याच घरातला हा. क्षणभंगुर वस्तू का टिकत नाही याचं कारण शब्दच देतो. तिच्या अंगातच मोडणं आहे.

आता ‘तात्पुरता’ घ्या. यात वेळ शोधून सापडत नाही. ‘तत्’ म्हणजे ते, आणि ‘पुरता’ म्हणजे पुरेल एवढा. तेवढ्याला पुरणारा. दोन भाकरी पुरल्या म्हणतो, पाच मीटर कापड पुरलं म्हणतो, तोच हा पुरणं. म्हणजे मुळात हा काळाचा शब्दच नाही, हा पुरवठ्याचा शब्द आहे. किती दिवस, हे तो सांगत नाही. कशाला पुरेल, हे सांगतो. आणि तेही अर्धवटच, कारण ‘तत्’ म्हणजे नेमकं काय ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. लग्नापुरता मांडव. पेरणीपुरतं कर्ज. पावसापुरता आडोसा. नाव आधी लागलं की शब्द प्रामाणिक राहतो. नाव काढून घेतलं आणि नुसतं ‘तात्पुरता’ ठेवलं की तो शेपूट तुटलेल्या पालीसारखा कुठंही शिरतो.

आणि विदर्भात तो सगळीकडे शिरला आहे.

दर वर्षी जिल्हा प्रशासन टंचाई कृती आराखडा तयार करतं. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. त्यात उपाययोजनांचे रकाने ठरलेले आहेत : विंधन विहिरी, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, खासगी विहिरींचं अधिग्रहण, टँकर, आणि ‘तात्पुरती पूरक नळयोजना’. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथं बोअर मारली तर खारं पाणी लागतं. हे काही एखाद्या सालच्या दुष्काळानं झालेलं नाही. नदीनं गाळ साठवला तेव्हापासूनची ती जमीन आहे. म्हणजे खारेपण भूगर्भातलं आणि उपाय तीन महिन्यांच्या रकान्यातला. बारा महिन्यांतल्या नऊ महिन्यांचा आराखडा दर वर्षी लागत असेल, तर त्याला टंचाई म्हणायचं की हवामान?

राज्यकारभाराच्या मोठ्या पातळीवरही हेच. ज्या कलम ३७१ वर विदर्भाच्या विकास मंडळाचा डोलारा उभा होता, ते राज्यघटनेच्या एकविसाव्या भागात येतं. त्या भागाचा मथळाच अस्थायी, संक्रमणकालीन आणि विशेष तरतुदींचा आहे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली. मुदत पाच वर्षं. मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. असं करत करत ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. पाच वर्षांची गोष्ट २६ वर्षं चालली आणि एका तारखेला गुपचूप विझली. मंडळानं काय केलं, किती केलं, हा वेगळा वाद आहे आणि त्यात माझं मत फारसं चांगलं नाही. पण आजारपण संपलं म्हणून औषध बंद झालं, की चिठ्ठीची मुदत संपली म्हणून, एवढं तरी कोणी सांगायला हवं होतं.

(१९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं. त्यासाठी दर हिवाळ्यात फायली येतात, बंगल्यांना रंग लागतो, मंडप पडतात, मोर्चे अडवायला बांबू रोवले जातात. दोन-तीन आठवड्यांत सगळं परत. आमच्याकडे सरकारच हंगामी पीक आहे, असं लोक म्हणतात. तुरीच्या आधी येतं आणि तुरीच्या आधीच निघून जातं.)

सगळ्यांत जास्त हा शब्द चिकटला आहे तो माणसांना. इथं मी स्वतःबद्दल बोलतो. शेतीकडे पूर्ण वेळ वळण्याआधी नऊ वर्षं मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका ४८ मिनिटांची. म्हणजे बरोबर दोन घटका, जुन्या हिशेबानं एक मुहूर्त. हजेरीपुस्तकात सही करायची, तासिका मोजायच्या, पैसे कधी दिवाळीनंतर तर कधी थेट उन्हाळ्यात. नियुक्तीपत्र दर वर्षी नवं आणि त्यातलं एक वाक्य दर वर्षी तेच : ‘सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून...’ त्या ‘निव्वळ’वर मी पुष्कळदा थांबायचो. तात्पुरतं हे भेसळीचंही असतं की काय? पहिल्या वर्षी ज्या वर्गाला शिकवलं त्यातला एक मुलगा सहा वर्षांनी माझ्या शेजारच्या खुर्चीत तासिका तत्त्वावरच येऊन बसला. सर म्हणू की नाही याचा त्याला पेच पडला. मग दोघंही एकमेकांना ‘भाऊ’ म्हणायला लागलो.

माझं निभलं, कारण मागं सहा एकर होतं. आरोग्य खात्यातल्या कंत्राटी माणसांचं घ्या. अकरा महिन्यांचा करार, मग एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’, मग पुन्हा नेमणूक. हा तांत्रिक खंड समजून घेण्यासारखा आहे. माणूस तोच, खुर्ची तीच, रजिस्टर तेच. फक्त मध्ये एक दिवस असा ठेवायचा की त्या दिवशी तो कोणीच नाही. ग्रीकांना एका दिवसाचं आयुष्य असणारा किडा सापडला होता. आपल्या आस्थापना शाखेनं एका दिवसाचं मरण शोधून काढलं.

शब्दांची गंमत अशी की ‘स्थायी’ आला संस्कृत ‘स्था’पासून, म्हणजे उभं राहणं, आणि ‘कायम’ आला अरबीतून, त्याचाही अर्थ उभा असलेला. टिकून राहण्याला दोन्ही भाषांनी उभं राहणंच म्हटलंय. आणि हा ‘कायम’ आपण लावला कुठं? शाळांच्या ‘विनाअनुदानित’ या शब्दाआधी. ‘कायम विनाअनुदानित’. शिक्षक तात्पुरता, पगार नाही, आणि कायम काय, तर अनुदान न मिळणं! त्या एका शब्दासाठी शिक्षक रस्त्यावर उतरले आणि २००९ मध्ये सरकारनं तो शब्द काढला. त्यानंतरही टप्प्याटप्प्याच्या अनुदानासाठी उपोषणं चालूच राहिली. तरीही एक विशेषण खोडायला आंदोलन लागतं, यावरून विशेषणांत किती पैसा असतो ते कळावं.

आणखी एक शब्द आहे, तो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. ‘इफेमेरल’चा मराठीतला खरा भाऊ क्षणभंगुर नव्हे, ‘रोजंदार’ आहे. फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस. रोजंदारी म्हणजे एका दिवसाची चाकरी. सकाळी ठरली, संध्याकाळी सुटली. ‘एपि-हेमेरा’चा इतका नेमका जोड दुसरा नाही. पण मराठीत येऊन रोज या शब्दाचं काय झालं पाहा. ‘रोज’ म्हणजे आता दररोज, प्रत्येक दिवशी. एका दिवसाचा शब्द सगळ्या दिवसांचा झाला. ग्रीकमध्येही असाच फाटा फुटला होता. त्याच मुळापासून ‘एफेमेरिस’ म्हणजे रोजनिशी, आणि पुढे ग्रहांच्या रोजच्या स्थितीचं कोष्टक, आपल्या पंचांगातलं असतं तसं. एकाच दिवसातून दोन वाटा निघतात : आज संपणारं, आणि रोज रोज येणारं.

आमच्या गावातल्या बायका म्हणतात, “रोजानं जातो.” निंदणाला, कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला. प्रत्येक दिवस स्वतंत्र. आज बोलावलं म्हणजे उद्या बोलावतील असं काही नाही. असे सुटे सुटे दिवस जोडून चाळीस वर्षं होतात. त्यांतली एक बाई माझ्या वावरात माझ्या लग्नाच्या आधीपासून येते. तिला मी मालक म्हणून काय देणं लागतो? रोज संध्याकाळी हिशेब चुकता होतो, म्हणून काहीच नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. सरकारला जो प्रश्न विचारतोय, तोच माझ्या धुऱ्यावर उभा आहे. सालदाराचा निदान पाडव्याला पाडवा होतो, धान्य-कपडे ठरतात, सालभराची तरी बोली असते. रोजंदाराचं साल कधी सुरूच होत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक वरच्या अंगानं येतो. कोणी गेलं की दहाव्याला, तेराव्याला एखादा समजूतदार माणूस म्हणतोच, “बाप्पा, सगळं क्षणभंगुर आहे, कशाचं कायम घेऊन बसलात?” कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्याच्या दारातही हे ऐकलंय. मला हे ऐकून राग येतो, आणि तो अध्यात्माबद्दलचा नसतो. आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीत कोणाचं निधन झालं की पाली गाथा म्हणतात. त्यात ‘अनिच्चा’ हा शब्द येतो. जे जे निर्माण झालं ते टिकणारं नाही, असा त्याचा भाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांच्या आजा-पणजांनी दीक्षा घेतली त्यांना अनित्यता शिकवायला कोणाची गरज नाही. पण तीच माणसं जमिनीचा पट्टा, शिष्यवृत्ती, नोकरीतला अनुशेष लेखी मागतात, तारखेसकट मागतात. बाबासाहेबांनी अनित्यतेचा धम्म दिला, त्याच्या काही वर्षं आधी संविधानाचा मसुदाही त्यांनीच मार्गी लावला होता. देह टिकत नाही हे खरं. म्हणून पूलही टिकू नये, हे कोणत्या गाथेत आहे?

दुसरा आक्षेप कार्यालयातला, आणि तो जास्त दमदार आहे. एक अभियंता मला म्हणाले, “तुम्हाला ‘तात्पुरता’ शब्द खुपतो, पण तो नसता तर तुमच्या नाल्यावर पायलीसुद्धा पडली नसती.” खरं आहे. कायम पुलाला प्रशासकीय मान्यता लागते, तांत्रिक मान्यता लागते, अर्थसंकल्पात नाव लागतं, निविदा लागते. पूर आला आणि गाव तुटलं, तर एवढं थांबता येत नाही. तातडीच्या निधीतून पंधरा दिवसांत रपटा होतो, कारण तो तात्पुरता असतो. सगळ्याच कामांना कायम करा म्हणणंही खुळेपणाचं. कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत उरकते, तिला कायम वेचणारी माणसं लागत नाहीत. गडचिरोलीत मलेरियाच्या दिवसांत घराघरांतून फवारणी करणारे कामगार हंगामी असतात, त्यातही मूळ कल्पना चुकीची नाही. ‘हंगाम’ हा फारसी शब्द, आणि हंगाम खराच असतो. अंगणवाडीच्या पोरांची भूक मात्र कोणत्या हंगामाची? १९७५ पासून ही योजना चालू आहे आणि सेविकेला अजून पगार नाही, ‘मानधन’ आहे. तिला ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगायलाही एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं.

न्यायालयाचंच घ्यायचं तर २००६ मधला उमादेवी खटल्याचा निकाल प्रत्येक आस्थापना लिपिकाला तोंडपाठ आहे : तात्पुरत्याला कायम होण्याचा हक्क नाही. त्याच निकालात, मंजूर पदांवर दहा-दहा वर्षं काम केलेल्यांचा एकवेळ विचार करा असंही म्हटलं होतं. ते पाठांतरातून सुटलं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच पुन्हा म्हणावं लागलं की बारमाही कामावर वर्षानुवर्षं तात्पुरती माणसं राबवणं हे शोषण आहे.

तेव्हा माझं म्हणणं तात्पुरत्याच्या विरोधात नाही. तात्पुरतं सुरू करा. पण ‘तत्’ काय ते लिहा. फलकावर, नियुक्तीपत्रात, आराखड्याच्या रकान्यात. कशापुरतं आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘नवा पूल होईपर्यंत’ हे उत्तर नव्हे, कारण नवा पूल कधी, हे त्यात नाही. मुदत एकदा वाढली तर समजू शकतो, पाऊस जास्त झाला, कंत्राटदार पळाला. दुसऱ्यांदा वाढली तर ती गरज कायमची आहे असं सरकारनं आपणहून धरावं, तिला अनुशेषाच्या यादीत घालावं आणि त्या यादीचं वाचन ग्रामसभेत व्हावं. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष मोजला तेव्हापासून आपण विदर्भात अनुशेष रुपयांत आणि किलोमीटरमध्ये मोजतो. तो मुदतवाढींतही मोजायला हवा. रपटा असला की कागदावर गाव जोडलेलं दिसतं. टँकर गेला की पाणी पोचलेलं दिसतं. तासिकेवर माणूस असला की वर्ग भरलेला दिसतो. उणीव झाकायला तात्पुरत्यासारखी दुसरी चादर नाही, आणि झाकलेली उणीव कोणत्याच यादीत येत नाही.

आपल्या लोकांना तात्पुरतं चांगलं करता येत नाही, असंही नाही. आमच्याकडे लग्नाचा मांडव जांभळाच्या, आंब्याच्या डहाळ्यांनी घालतात. मुंढे रोवताना पूजा, डहाळ्या आणायला बैलगाडी, वाजंत्री. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डहाळ्या सुकतात, पानं वाऱ्यावर खडखडतात, आणि मांडव उतरवला जातो. उतरवणं हे घालण्याइतकंच ठरलेलं असतं. पोरींच्या गाण्यांच्या खेळातली भुलाबाई भाद्रपदाच्या पुनवेला बसते आणि कोजागरीला उठते. महिना म्हणजे महिना. कोजागरी उलटून गेली, थोडी मुदतवाढ द्या, असं कोणतीही पोरगी म्हणत नाही.

याच मातीतला दुसरा दाखला गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेला हा माणूस स्वतः कधी पक्क्या घरात राहिला नाही. फाटकी गोधडी आणि डोक्यावर खापर. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा पाहा. दगडी, पक्क्या, पिढ्यांना पुरतील अशा. दोन रात्री टेकणाऱ्या वारकऱ्यासाठी कायमची इमारत. प्रवासी तात्पुरता आहे हे बाबांना ठाऊक होतं, आणि प्रवाशांची रांग कायमची आहे हेही. आपण नेमकं उलट करतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच नाल्यापलीकडे राहणाऱ्या गावाला पायल्या आणि मुरूम.

की माल कच्चा म्हणून टिकत नाही म्हणता? मग सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहा. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. गांधीजी तिथं १९३६ मध्ये आले. सामान सगळं मोडकं-नाजूक, आसपासचं. कुटी अजून उभी आहे, कारण दर वर्षी कोणीतरी कवेलू फेरतं, भिंत सारवतं, उधई लागलेला वासा बदलतं. आमच्या नाल्यावर सिमेंट आहे आणि ते नऊ महिने टिकत नाही. पायली टाकायला निधी असतो, तिच्या दोन्ही बाजूंना वर्षातून एकदा भर घालायला कोणत्याच लेखाशीर्षात पैसा नसतो. तात्पुरत्या कामाला देखभाल कशी असेल?

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुक्याचं ठिकाणच बाकी जगापासून तुटतं, हे दर पावसाळ्यात पेपरात येतं. आमच्यासारखी नाल्यापलीकडची गावं पेपरात येत नाहीत. यंदा ऑगस्टमध्ये पाच दिवस शाळेची बस आली नाही. एका बाळंतिणीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून वरच्या अंगानं, दुसऱ्याच्या वावरातून, सात किलोमीटर फिरवून नेलं. ती आणि बाळ सुखरूप आहेत. ज्याच्या वावरातून ट्रॅक्टर गेला त्याची दोन ओळी सोयाबीन दबली. त्यानं भरपाई मागितली नाही, आम्हीही विषय काढला नाही.

मुलीच्या वहीत मी शेवटी दुरुस्ती केली. ‘इफेमेरल’समोर ‘एका दिवसाचे, अल्पजीवी’ असं लिहायला लावलं. ‘तात्पुरता’ खोडायला सांगितला, तर तिनं कारण विचारलं. रपट्याकडे बोट दाखवलं. ती हसली नाही. तिला त्याच रपट्यावरून कॉलेजात जायचं असतं.

गेल्या आठवड्यात पाणी ओसरल्यावर नव्या पायल्या येऊन पडल्या. मुरमाचे दोन टिप्परही आले. तालुक्याहून एक पेंटर मोटारसायकलवर डबे बांधून आला आणि जुना फलक घासायला बसला. पिवळ्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा पिवळा, असे तीन थर निघाले. मी थांबलो, तर त्यानं विचारलं, “भाऊ, तात्पुरतामधला त अर्धा असते का पुरा?”

“अर्धा,” म्हणालो. “साधाच रंग मारतोस ना?”

“नाई जी,” तो म्हणाला. “सायबानं ऑइल पेंटच माराले सांगतलं. पाण्यापावसात टिकला पाह्यजे म्हणे.”